कॉलेज भिंतीपलीकडे होतं: लोकेशनवरच्या मोबाइल जाहिरातींचे माझे साडेचार महिने

छपाई आणि बाइंडिंगचं माझं दुकान कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून आहे. दारात उभं राहिलं की वर्गांच्या खिडक्या दिसतात. तरीही पहिल्या वर्षभरात विद्यार्थी आले ते अगदी मोजके. सबमिशनच्या आठवड्यात मुलं मुख्य फाटकासमोरच्या दुकानात तास-तासभर रांगेत उभी राहायची आणि माझी दोन्ही यंत्रं दुपारी बंद असायची. त्या प्रत्येकाच्या हातात फोन होता, फोनमध्ये नकाशा होता, आणि त्या नकाशावर माझं दुकानच नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं की पुढच्या सबमिशनच्या आत हे बदलायचं. ते काम मे महिन्यात संपलं. मध्ये कुठे अडले, किती थांबले, खर्च कशावर झाला, ते क्रमानं लिहिते आहे. असं कुणी आधी लिहिलेलं मला मिळालं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

६ जानेवारीला नकाशावरच्या नोंदीला बसले. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते. तिला आधी 'गूगल माय बिझनेस' म्हणत, २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. नाव, पत्ता, फोन, वेळा, व्यवसायाचा प्रकार हे भरायला अर्धा तास पुरला. खरा वेळ गेला तो पडताळणीत. फोन, ईमेल, पोस्टकार्ड, व्हिडिओ असे मार्ग आहेत, पण आपल्याला कुठला मिळेल हे आपण ठरवत नाही. मला व्हिडिओ आला. तो एका दमात, न कापता काढायचा: आजूबाजूचा रस्ता, दुकानाची पाटी, आतली यंत्रं, आणि दुकान आपल्याच ताब्यात आहे हे दाखवणारं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं किंवा गल्ल्याच्या मागे जाणं. मी घाईत आतूनच चित्रीकरण सुरू केलं, पाटी आलीच नाही. पाच दिवसांनी नकार आला. दुसऱ्या वेळी रस्त्याच्या कोपऱ्यापासून चालत आले, पाटीवर फोन स्थिर धरला, शटर वर केलं, यंत्र सुरू करून एक पान छापून दाखवलं. २१ जानेवारीला नोंद दिसायला लागली.

इथे एक सांगते. पाटीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं ठेवा. नावात 'कॉलेजजवळ स्वस्त प्रिंट' असले शब्द घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. ते नियमात बसत नाही, आणि त्यापायी सगळी नोंदच थांबवली जाऊ शकते.

नोंद झाल्यावर आठव्या दिवशी एक मुलगा धापा टाकत आत आला. "ताई, फोन म्हणतोय दुकान आलं, आणि समोर भिंत!" पत्ता टाकल्यावर नकाशानं पिन आपोआप इमारतीच्या मागच्या अंगाला टाकला होता, भिंतीला अगदी चिकटून. त्याला आवारातल्या रस्त्यानं भिंतीपर्यंत आणून सोडलं होतं. तिथून तो मुख्य फाटकाकडे गेला, बाहेरून वळसा घातला, १८ मिनिटं चालला. त्याचं काम चार पानांचं होतं. मी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी पिन ओढून दारासमोर आणला, तो बदल मंजूर व्हायला दोन दिवस लागले. नोंद केल्याच्या दिवशीच कुणाला तरी फोन घेऊन शंभर पावलं लांब पाठवून परत दुकानात यायला सांगितलं असतं, तर हे तेव्हाच कळलं असतं. तुम्ही हे नक्की करा.

त्या भिंतीनं माझं सगळं नियोजन बदललं. तोवर मी लोकेशनवरची जाहिरात म्हणजे नकाशावरचं वर्तुळ समजत होते: दुकान मध्यभागी, भोवती अमुक मीटर, आत येणारे सगळे आपले. फेब्रुवारीच्या पहिल्या तीन दिवशी वही घेऊन बाहेर पडले आणि कॉलेजच्या प्रत्येक फाटकापासून दुकानापर्यंत चालून वेळ लिहिली. मुख्य फाटकापासून १४ मिनिटं. वसतिगृहाच्या फाटकापासून ९. आणि मागे, सायकलींच्या शेडजवळ, एक छोटं फाटक आहे हे मला वर्षभरात माहीतच नव्हतं. तिथून ३ मिनिटं! फक्त ते सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते ६ एवढंच उघडं असतं. तिथल्या पहारेकऱ्यांना विचारून मी तीन दिवस बाजूला उभी राहिले, कुठल्या वेळी किती मुलं बाहेर पडतात ते मोजलं. सकाळी १०.४० आणि दुपारी सव्वाचार या दोन वेळांना झुंबड असायची. गुरुवारी प्रयोगशाळेची मुलं उशिरा, साडेपाचनंतर यायची. पुढे जे काही चाललं ते या वहीच्या भरवशावर.

त्याच आठवड्यात, ३ फेब्रुवारीला, कॉलेजच्या सूचनाफलकावर एक पोस्टर लावायची परवानगी मागणारा अर्ज दिला. त्याचं पुढे येईलच.

१० फेब्रुवारीला जाहिरातीचं खातं उघडलं. तिथे पुन्हा ओळख पटवणं आलं. माझ्या व्यवसाय नोंदणीच्या कागदावर माझं स्वतःचं नाव आहे आणि खात्यावर दुकानाचं. कागद परत आले. मग दोन्ही नावं एकत्र दिसतील असं बँकेचं पत्र जोडलं, आणि एकूण ९ दिवस गेले. खातं उघडायच्या आधीच नोंदणी, बँक आणि खातं यांतली नावं शेजारी ठेवून पाहा.

रोजचा खर्च मी तीन बाइंडिंगच्या नफ्याइतका ठरवला. त्याहून जास्त गेला असता तर मला झोप लागली नसती. पहिल्या आठवड्यात जाहिरातीवर टिचक्या भरपूर पडल्या आणि दुकानात कुणीच आलं नाही. चौथ्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की आपल्याला हे जमणारं नाही. मग सेटिंग एकेक करून उघडून पाहिलं. गूगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडलं की आपोआप दोन प्रकारचे लोक धरले जातात: त्या ठिकाणी असलेले किंवा नेहमी येणारे, आणि त्या ठिकाणात नुसता रस दाखवलेले. म्हणजे दुसऱ्या गावात बसून या कॉलेजच्या प्रवेशाची माहिती शोधणाऱ्या पालकांनाही माझी बाइंडिंगची जाहिरात जात होती. फक्त 'त्या ठिकाणी असलेले' हा पर्याय निवडायचा असतो, आणि तो शोधावा लागतो. तोवर चुकीच्या लोकांवर गेलेले पैसे म्हणजे साधारण २० बाइंडिंगचा नफा.

दुसरी अडचण वर्तुळाची. जाहिरातीतलं वर्तुळ हवं तितकं लहान होत नाही. किलोमीटर-दीड किलोमीटरच्या खाली जाऊ लागलं की अडतं. आणि जाऊ दिलं असतं तरी उपयोग नव्हता. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो, पण इमारतींमध्ये आणि छताखाली तो अंदाज ढळतो. शिवाय पुष्कळ लोक ॲपला अचूक जागा देतच नाहीत. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून 'अंदाजे जागा' एवढीच परवानगी देता येते, आणि अँड्रॉइडवर तो अंदाज सुमारे ३ चौरस किलोमीटरचा असतो. तेवढ्या भागात माझं दुकान, सगळं कॉलेज आणि पलीकडची वस्ती असं सगळंच बसतं. भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण आहे हे कुठलीही जाहिरात मला सांगणार नव्हती.

म्हणून मी वर्तुळ मोठंच राहू दिलं आणि दोन गोष्टी आवळल्या. पहिली वेळ. जाहिरात सकाळी १० ते ११ आणि दुपारी साडेतीन ते ६ एवढीच दाखवायची. गूगलवर हे सरळ होतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर तासांप्रमाणे जाहिरात दाखवायची असेल तर रोजच्या बजेटऐवजी पूर्ण मुदतीचं बजेट निवडावं लागतं. ते न कळल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरी गोष्ट मजकूर. आधी मी सवलतीचं लिहीत होते. ते काढून टाकलं आणि नुसता रस्ता लिहिला: 'सायकल शेडजवळच्या छोट्या फाटकातून ३ मिनिटं. प्रिंट, स्पायरल, हार्ड बाइंडिंग. फाटक ११ वाजता बंद होतं.' सोबत फाटकापासून दुकानापर्यंतच्या वाटेचे मी फोनवर काढलेले चार फोटो. २६ फेब्रुवारीला हे सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला तीन मुली आल्या. त्यांतली एक मैत्रिणींना म्हणाली, "बघ, खरंच तीन मिनिटं." तो दिवस मी विसरणार नाही.

वयाचं सांगायला हवं. कॉलेजात १८ च्या आतलीही मुलं असतात. त्या वयाच्या मुलांना जाहिरातदारानं काय दाखवावं यावर बंधनं वाढत चालली आहेत. फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिनं फेब्रुवारी २०२३ पासून अशा मुलांसाठी फक्त वय आणि ठिकाण एवढेच निकष ठेवले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ च्या आतल्यांचा माग ठेवून त्यांना उद्देशून जाहिरात करायलाच मनाई आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा वेगळी वयोमर्यादा धरतो. आपण जिथे आहोत तिथला नियम आधी वाचावा. मी सगळीकडे किमान वय १८ ठेवलं आणि तो प्रश्न मिटवला. लहान मुलं नकाशावरून आली तर येतातच.

मार्चच्या सुरुवातीला एका जाहिरात संस्थेचा माणूस दुकानात आला. त्याचं म्हणणं असं: गेल्या सहा महिन्यांत या आवारात जे जे फोन येऊन गेले त्यांची यादी आमच्याकडे आहे, ते फोन घरी, प्रवासात कुठेही असले तरी त्यांवर तुमची जाहिरात दिसेल. मी विचारलं, या मुलांनी हे मान्य केलंय का? तो म्हणाला, कुठल्या तरी ॲपला 'हो' म्हटलेलं असतंच. माझी भाची त्याच वयाची आहे, वसतिगृहात राहते. ती रात्री कुठे असते हे एखाद्या अनोळखी दुकानदाराला विकत मिळावं हे मला सहन झालं नसतं. मी नाही म्हटलं. नंतर वाचलं की २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं इनमोबी या मोबाइल जाहिरात कंपनीला ९,५०,००० डॉलर भरायला लावले होते. लोकांनी लोकेशनची परवानगी नाकारली तरी ती आजूबाजूच्या वाय-फायवरून त्यांची जागा ओळखत होती, आणि त्या लोकांत लहान मुलंही होती. असा प्रस्ताव तुमच्याकडे आला तर संमती कुणी, कधी, कशासाठी दिली हे लेखी मागा. मी लेखी मागितल्यावर तो माणूस पुन्हा आला नाही.

स्वतःचं ॲप काढायचाही विचार झाला होता: विद्यार्थी जवळ आला की फोनवर सूचना. ॲप बनवणाऱ्या एका ओळखीच्या मुलीनं तासभर बसून सगळं समजावलं. सूचनेसाठी नकाशावर दुकानाभोवती आखलेली हद्द १०० ते १५० मीटरपेक्षा लहान केली तर भरवसा राहत नाही. अँड्रॉइडवर एका ॲपला अशा १०० हद्दी मिळतात, आयफोनवर २०. रस्त्यावरून बसनं जाणाऱ्यालाही सूचना जाऊ नये म्हणून माणूस हद्दीत काही वेळ थांबला तरच ती पाठवायची सोय असते. पण मुळात ॲप बंद असतानाही जागा पाहू द्यायची वेगळी परवानगी लागते, आणि अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायलाही आधी विचारावं लागतं. वर्षातून चार वेळा बाइंडिंग करणारा विद्यार्थी एवढ्या परवानग्या का देईल? तिनं आणखी एक सांगितलं ते पटलं: गूगलनं आसपासच्या बीकनवरून, म्हणजे जवळच्या फोनला ब्लूटूथनं खूण पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांवरून, येणाऱ्या सूचना डिसेंबर २०१८ मध्ये बंदच केल्या, कारण दुकानदारांनी नको त्या सूचनांचा भडिमार केला होता. तिनं सांगितलेला खर्च माझ्या पाच महिन्यांच्या भाड्याएवढा होता. विषय तिथेच संपला.

त्याऐवजी गल्ल्यावर एक क्यूआर कोड लावला. तो स्कॅन केला की व्हॉट्सॲपवर दुकानाशी बोलणं सुरू होतं आणि पहिलाच प्रश्न जातो: सबमिशनच्या वेळा आणि फाटकाच्या वेळांतले बदल कळवू का, हो की नाही? 'हो' म्हणणाऱ्यांचीच यादी केली. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यानं आपला नंबर जपून ठेवलाय त्यालाच संदेश पोचतो, हे मला आवडलं. नको असेल त्यानं नंबर पुसला की झालं.

या यादीवर माझ्याकडून एक चूक झाली आणि ती अजून टोचते. २२ मार्चला सकाळी ८ वाजता सगळ्यांना संदेश पाठवला की आज दुकान लवकर उघडतंय. त्या दिवशी ९ वाजता मोठ्या विषयाची परीक्षा होती. एका मुलीचं उत्तर आलं: "ताई, फोन वाजला आणि मला वाटलं हॉल बदलला. प्लीज, परीक्षेच्या सकाळी नको." मी तिला माफी मागणारं उत्तर पाठवलं आणि त्याच दिवशी कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक छापून गल्ल्यामागे चिकटवलं. परीक्षेच्या दिवशी दुपारी १ च्या आधी काही पाठवायचं नाही, आणि महिन्यात तीनच्या वर संदेश नाहीत, हे तेव्हापासून पाळते आहे. माझ्या जाहिरातीही त्या सकाळी बंद असतात.

परवानगीचा अर्ज दरम्यान फिरत होता. १० दिवसांनी परत आला, कारण विषयात मी 'जाहिरात' लिहिलं होतं आणि ते दुसऱ्या विभागाचं काम होतं. विषय बदलून 'विद्यार्थी सेवेविषयी सूचना' असा लिहिला, व्यवसाय नोंदणीची प्रत आणि पोस्टरचा नमुना जोडला. मग सही करणाऱ्या बाई रजेवर. मी दर सोमवारी सकाळी जाऊन विचारायची, कधी पाच मिनिटांत परत, कधी बाकावर तासभर. २८ मार्चला पत्र मिळालं. अटी चार: कॉलेजचं नाव किंवा बोधचिन्ह वापरायचं नाही, फक्त दोन फलक, ए-फोर आकाराचा कागद, आणि ३१ मेच्या आत काढून न्यायचं. शुल्क काही नाही. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत फाटकाच्या वेळा, वाटेचा हातानं काढलेला नकाशा आणि क्यूआर कोड एवढंच घातलं.

सबमिशन २० ते २७ एप्रिल. १७ तारखेला छोट्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी सांगितलं की या आठवड्यात फाटक रात्री ९ पर्यंत उघडं राहणार. मी दहा मिनिटांत जाहिरातीचा मजकूर, नकाशावरच्या दुकानाच्या वेळा आणि यादीवरचा संदेश, तिन्ही बदलले. ही सगळी साधनं हाताळायला शिकल्याचं मोल मला त्या दहा मिनिटांत कळलं. त्या आठ दिवसांत आलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला, कुठून कळलं? उत्तरं वहीत रेघा मारून लिहिली. १४३ जण आले. ५२ नकाशावरून, ४६ मित्र-मैत्रिणींच्या सांगण्यावरून, ३१ जाहिरात पाहून, १४ पोस्टरवरून. जाहिरातीच्या डॅशबोर्डवरचे आकडे याहून कितीतरी मोठे होते, पण मी वहीचे धरते. मुख्य फाटकासमोर रांग होतीच, ती मुलं माझ्याकडे येणार नाहीत आणि त्यांनी १४ मिनिटं का चालावं.

तीन महिन्यांच्या जाहिराती मिळून एका महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्सा खर्च झाला, त्यातला मोठा भाग पहिल्या चुकीच्या आठवड्याचा. पोस्टर आणि क्यूआरचे कागद घरच्याच यंत्रावर निघाले. वेळ मात्र खूप गेला, विशेषतः त्या सोमवारच्या सकाळी.

१५ मेला दोन्ही फलकांवरून पोस्टर काढून आणले, जाहिराती थांबवल्या, नकाशावर सुट्टीतल्या वेळा टाकल्या. निघताना पहारेकऱ्यांनी सांगितलं की सायकल शेडच्या जागी नवं वसतिगृह होतंय आणि छोटं फाटक पन्नास पावलं पुढे सरकणार आहे. वाटेचे चारही फोटो आता जुने झालेत. सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात वही घेऊन पुन्हा चालून यायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.